'१९७० पूर्वीचा संग्रह' असं लिहिलेलं माया भांडं लिलावात घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते अमेरिकेत राहतात. एका ऑनलाइन लिलावात त्यांनी माया संस्कृतीचं एक उभट, नळकांड्यासारखं रंगीत भांडं पाहिलं. कॅटलॉगमध्ये लिहिलंय: 'उत्तर अभिजात काळ, इ.स. ५५० ते ९००. खासगी संग्रह, १९७० पूर्वी मिळवलेलं. किरकोळ दुरुस्ती.' अंदाजे किंमत चार ते सहा हजार डॉलर. त्यांनी विचारलंय की हे घेणं कायदेशीर आहे का, वस्तू खरी असेल का, आणि पुढे पुण्याला कायमचं परतताना ती बरोबर नेता येईल का.

मी गेली बावीस वर्षं मातीच्या प्राचीन भांड्यांच्या संवर्धनाचं काम करते. त्यातली सोळा अमेरिकेत गेली. मध्य अमेरिकेतली भांडी माझ्या टेबलावर नेहमी येतात. काही संग्रहालयांकडून येतात, काही विमा कंपन्यांकडून, आणि बरीच अशा कुटुंबांकडून ज्यांनी लिलावात काहीतरी घेतलं आणि नंतर शंका आली. मी वकील नाही. कायद्याबद्दल जे लिहितेय ते कामाच्या ओघात शिकावं लागलं म्हणून. तुमच्या राज्यातल्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर पैसे लावू नका.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे. '१९७० पूर्वी मिळवलेलं' हे वाक्य कशाच्या आधारावर लिहिलंय? या वाक्यामागे कागद असेल तर पुढचं बोलता येतं. कागद नसेल तर ते नुसतं वाक्य आहे. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तरी मला कागद दिसत नाही, म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते. आहे या माहितीवर मी हे भांडं घेणार नाही, आणि माझ्या भावाने विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

आता कारणं. आधी १९७० या सालाचं बघू, कारण या बाजारात हे साल मंत्रासारखं वापरलं जातं. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १४ नोव्हेंबर १९७० रोजी पॅरिसमध्ये संमत झाला. अमेरिकेने त्याची अंमलबजावणी करणारा कायदा १९८३ मध्ये केला, फ्रान्सने करार १९९७ मध्ये स्वीकारला, ब्रिटनने २००२ मध्ये. भारताने १९७७ मध्येच स्वीकारला होता. हा करार मागच्या काळाला लागू होत नाही. त्यामुळे '१९७० च्या आधी देशाबाहेर आलेलं' ही एक सोयीची रेघ ठरून गेली. अमेरिकेतल्या कला संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २००८ मध्ये हीच रेघ आपल्या नियमांत घेतली. म्हणजे मुळात ती संग्रहालयांनी स्वतःला घालून घेतलेली शिस्त आहे.

पण ज्या देशातून भांडं निघालं, त्या देशाच्या नजरेत १९७० ला काही अर्थ नाही. मेक्सिकोने १८२७ मध्येच प्राचीन वस्तू बाहेर नेण्यावर बंदी घातली. १८९७ च्या कायद्याने पुरातत्त्वीय वास्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरवल्या आणि १९७२ च्या कायद्याने सगळ्या स्पॅनिशपूर्व वस्तूंची मालकी राष्ट्राकडे घेतली. ग्वाटेमालाचा संरक्षणाचा कायदा १९४७ चा आहे. म्हणजे १९६५ मध्ये पेतेनच्या जंगलातून खणून काढलेलं भांडं तेव्हाही परवानगीशिवाय बाहेर जाऊ शकत नव्हतं. विक्रेता '१९७०' म्हणतो तेव्हा तो फार तर एवढंच सांगत असतो की आजच्या बाजारात या वस्तूवर कोणी सहसा आक्षेप घेणार नाही. तिचा उगम स्वच्छ आहे असं त्यातून निघत नाही.

आणि तेवढं तरी खरं असेल का, हे तपासायला कॅटलॉगमधली नोंद शब्दाशब्दाने वाचायची सवय लावून घ्या. 'खासगी संग्रह' म्हणजे कोणाचा? कुठल्या शहरातला? 'मिळवलेलं' म्हणजे विकत घेतलेलं, भेट आलेलं की स्वतः जाऊन आणलेलं? कोणाकडून? माझ्याकडे आलेल्या एका भांड्याच्या कागदपत्रांत एकच पान होतं. विक्रेत्याच्या मुलाने २०११ मध्ये लिहून दिलेलं पत्र, की 'हे भांडं माझ्या लहानपणी आमच्या घरात होतं असं मला आठवतं'. त्या पत्राच्या जोरावर ते भांडं दोन लिलावांतून गेलं होतं. दुसऱ्या लिलावात पत्राचाही उल्लेख उरला नव्हता, फक्त 'जुना कौटुंबिक संग्रह, १९६८ पूर्वी' एवढंच छापलं होतं. आठवण अशी हळूहळू तारीख होते. यात कोणी खोटं बोललंच असेल असं नाही, पण तुमच्या हातात पुरावा म्हणून काहीच येत नाही.

ठिकाणांच्या नावांकडेही बघा. जुन्या कॅटलॉगमध्ये माया भांड्यांपुढे सरळ 'पेतेन' असं लिहिलेलं सापडतं. पेतेन म्हणजे ग्वाटेमालाचा उत्तरेकडचा जंगलपट्टा, जिथे टिकाल हे प्राचीन माया शहर आहे. १९९१ मध्ये अमेरिकेने पेतेनमधून येणाऱ्या माया वस्तूंवर तातडीची आयातबंदी घातली. पुढे पुढे 'माया सखल प्रदेश' असा मोघम शब्द जास्त दिसू लागला. हा सखल प्रदेश मेक्सिको, ग्वाटेमाला आणि बेलीझ या तिन्ही देशांत पसरलेला आहे. देशाचं नाव नसलं की कोणत्या देशाचा कायदा लावायचा हेच ठरत नाही. तुमच्या भांड्याच्या नोंदीत कुठल्याच देशाचं नाव नाही, हे माझ्या लगेच डोळ्यांत भरलं.

आता तुमचा पहिला प्रश्न, कायदेशीर आहे का. हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. अमेरिकेत आधीपासून असलेली वस्तू अमेरिकेतच लिलावात विकत घेणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पण ती वस्तू अमेरिकेत कधी आणि कशी आली, यावर तीन वेगळे कायदे बोलतात. दगडी स्तंभ, पाट, वास्तूचे कोरीव भाग आणि भित्तिचित्रं यांच्यासाठी १९७२ चा खास कायदा आहे. मूळ देशाचा निर्यात परवाना नसेल तर असं शिल्प आत येऊच शकत नाही. भांडी, जेड, मूर्ती यांच्यासाठी देशागणिक करार आहेत: एल साल्वादोरशी १९९५ मध्ये, ग्वाटेमालाशी १९९७ मध्ये, होंडुरासशी २००४ मध्ये आणि बेलीझशी २०१३ मध्ये झालेला. निर्बंध लागू झाल्यानंतर वस्तू आत आली असेल, तर ती त्याआधीच मूळ देशाबाहेर होती हे दाखवण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर येते. तिसरा कायदा चोरीच्या मालाचा, आणि तोच सगळ्यांत जड आहे.

त्याचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. ग्वाटेमालात माचाकिला नावाचं माया ठिकाण आहे. तिथल्या क्रमांक २ च्या स्तंभाची नोंद इयन ग्रॅहम यांनी तो जंगलात जागेवर असतानाच केली होती. ग्रॅहम हे सगळं आयुष्य माया शिलालेखांची चित्रं आणि छायाचित्रं जमवण्यात घालवलेले संशोधक. पुढे तो स्तंभ तोडून, तुकडे करून, बेलीझमार्गे अमेरिकेत आणला गेला आणि विकायला फिरवला गेला. ग्रॅहम यांची नोंद होती म्हणून तो कुठला हे सिद्ध करता आलं. कॅलिफोर्नियातला व्यापारी हॉलिन्सहेड याला शिक्षा झाली आणि १९७४ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. ग्वाटेमालाच्या कायद्याने जी वस्तू सरकारची, ती अमेरिकेतही चोरीचा माल ठरू शकते, हे तत्त्व तिथून रुजलं. २०२१ मध्ये अमेरिकेने भारताला १५७ पुरावस्तू परत दिल्या तेव्हा आपण सगळे खूश झालो होतो. आपल्या देवळांतल्या मूर्तींच्या बाबतीत जे आपल्याला न्याय्य वाटतं, तेच इथे ग्वाटेमालाच्या बाजूने आहे.

मात्र स्तंभाच्या बाबतीत जे झालं ते भांड्याच्या बाबतीत होणं अवघड असतं. स्तंभ जमिनीवर उभा असतो, कोणी तरी तो पाहिलेला असतो. भांडं असतं थडग्यात, आणि चोर थडगं फोडेपर्यंत ते कोणाच्याच नजरेला पडलेलं नसतं. त्याची कुठेही नोंद नसते, त्यामुळे ते हरवल्याचंही कोणाला कळत नाही. 'चोरीच्या वस्तूंच्या यादीत तपासलं, नाव आढळलं नाही' असं प्रमाणपत्र लिलावगृह देईल. ते खरंच असेल, पण ज्या वस्तूची कधी नोंदच झाली नाही ती यादीत येणार कुठून? व्यवहारात तुमच्या दारात कोणी येण्याची शक्यता कमी आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण उद्या ते विकायचं, संग्रहालयाला द्यायचं किंवा दुसऱ्या देशात न्यायचं ठरवलंत, की पहिला प्रश्न कागदांचाच येतो, आणि तेव्हा विक्रेता कुठे आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

आता खरं-खोटं. हा भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक विचारतात, 'खरं की नकली?' माया रंगीत भांड्यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधलं असतं. चोरट्या खणाईत भांडं शाबूत निघणं दुर्मीळ. ते फुटतं, तुकडे हरवतात. मग कोणीतरी ते जोडतं, रिकाम्या जागा भरतं आणि वरून रंगवतं. गिऱ्हाइकाला अख्खी आकृती हवी असते, म्हणून पुसट झालेला चेहरा 'जरा उठावदार' केला जातो. तुमच्या नोंदीतली 'किरकोळ दुरुस्ती' ही नेमकी किती, हे फोटोवरून सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने असंच उभं भांडं आणलं. केशरी जमिनीवर सिंहासनावर बसलेला राजा, समोर गुडघे टेकलेला सेवक, काठावर चित्रलिपीची पट्टी. नोंदीत 'किरकोळ दुरुस्ती'च होतं. मी खोलीतले दिवे मालवून अतिनील दिवा लावला. मूळ पृष्ठभाग निस्तेज, गडद दिसत होता आणि राजाचा चेहरा, शिरपेच, सेवकाचे दोन्ही हात दुधट निळे उजळले. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर अॅसिटोन घेऊन शिरपेचाच्या कडेला हलकेच फिरवलं. बोळा केशरी झाला. माया कारागिरांचा रंग म्हणजे पातळ केलेली रंगीत माती असते. ती भांड्याबरोबरच भाजली जाते, त्यामुळे अॅसिटोनने निघत नाही. निघाला तो अलीकडचा अॅक्रिलिक रंग होता. खाली उघडी फिकट माती होती, चित्राचा मागमूसही नव्हता. पुढे क्ष-किरण फोटोत भिंतीची जाडी एका बाजूला ५ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ७ मिलिमीटरच्या आसपास दिसली आणि सांधा सरळ वर गेलेला. ती दोन वेगवेगळी भांडी होती. दोन्ही प्राचीन, पण कोणीतरी एक करून टाकलेली. त्या बाईंनी विचारलं, 'मग यातला राजा किती खरा?' मी त्यांना डावा पाय आणि सिंहासनाचा कोपरा दाखवला. (हा बोळा घरी कोणी फिरवू नका. काही माया भांड्यांवर भाजल्यानंतर चुन्याचा थर देऊन रंगवलेलं असतं, तो रंग पाण्यानेही जातो.)

विक्रेते थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा कागद दाखवतात. भांड्याची चिमूटभर भुकटी काढून ते शेवटचं कधी भाजलं गेलं याचा अंदाज त्यातून मिळतो. चाचणी उपयोगी आहे, पण ती फक्त जिथून भुकटी काढली त्या जागेबद्दल बोलते. तळ प्राचीन आणि वरचं सगळं नवं, असंही भांडं त्यात 'प्राचीन' ठरतं. भांड्यावरची चित्रं कोणी काढली, याबद्दल तर ती काहीच सांगत नाही.

चित्रलिपी निरर्थक असेल तर भांडं नकली, असंही लोक ठामपणे लिहितात. तेही तितकं सोपं नाही. लिहिता न येणाऱ्या माया चित्रकारांनीही अक्षरांसारखे दिसणारे आकार काठावर काढलेले आहेत, आणि अशी अस्सल भांडी भरपूर आहेत. उलट चांगला नकलाकार छापील फोटोतून खरी ओळ जशीच्या तशी उचलतो. मी मुळांच्या खुणा आणि मँगनीजचे काळे ठिपके बघते. शतकानुशतकं ओल्या मातीत राहिलेल्या भांड्यावर झाडांच्या बारीक मुळांनी पृष्ठभाग खाल्लेला असतो. ती रेघ चित्रावरून, तड्यावरून, आत-बाहेर तिच्या मर्जीने जाते. नकली भांड्यावर ती रंगवलेली असते आणि चेहऱ्याच्या आसपास नेमकी वळून जाते.

नकलाकार किती तयारीचे असतात याची कल्पना यावी म्हणून ब्रिहिदो लारा यांची गोष्ट सांगते. ती मायांची नाही, शेजारच्या वेराक्रूस किनाऱ्यावरची आहे. १९७४ मध्ये मेक्सिकोत त्यांना पुरावस्तूंच्या चोरीबद्दल पकडलं. मूर्ती चोरीच्या नाहीत, मीच केल्यात, हे कोणी मानेना, म्हणून त्यांनी तुरुंगात माती मागवली आणि तशाच मूर्ती करून दाखवल्या. त्यांना सोडून दिलं आणि पुढे ते हालापाच्या संग्रहालयात काम करू लागले. आपल्या हातच्या मूर्ती परदेशातल्या संग्रहालयांत प्राचीन म्हणून मांडल्या आहेत, असं ते सांगत. माया वस्तूंच्या बाबतीतही असा वाद झालाय. मार्च २०११ मध्ये पॅरिसच्या लिलावात दीड मीटरहून उंच एक माया मूर्ती सुमारे २९ लाख युरोंना गेली. ती नकली आहे असं मेक्सिकोच्या पुरातत्त्व संस्थेने जाहीर केलं आणि लिलावगृहाने ते मानलं नाही. एवढ्या किमतीच्या वस्तूवर तज्ज्ञ भांडतात, तर पाच हजार डॉलरच्या भांड्याची कोण कसून तपासणी करणार?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खरं-खोटं आणि कागद हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. भांडं कोणत्या थडग्यातून, कोणत्या थरातून, कशाशेजारी निघालं हे माहीत असेल तर ते नकली असूच शकत नाही. ते माहीत नसेल, तर आमच्यासारख्यांनी कितीही तपासलं तरी शेवटी 'बहुधा' हा शब्द राहतोच. आणि भांडं जितकं निर्विवाद खरं, तितकी ते कोणाच्या तरी थडग्यातून चोरलं गेल्याची शक्यता जास्त.

हे मला फक्त नियम म्हणून नाही, मनापासून महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण एक भांडं आहे. ग्वाटेमालाच्या ईशान्य कोपऱ्यात रिओ असूल नावाचं माया शहर आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी चोरांच्या टोळ्यांनी ते पद्धतशीर पोखरलं. एका थडग्याच्या भिंतींवरची सुंदर लाल चित्रं जागेवर उरली, आत ठेवलेलं सगळं गेलं. मग पुरातत्त्वज्ञ रिचर्ड अॅडम्स यांनी तिथे उत्खनन सुरू केलं आणि १९८४ मध्ये त्यांच्या चमूला चोरांच्या हातून सुटलेलं एक थडगं सापडलं. त्यात एक झाकणाचं मडकं होतं. झाकण फिरवून बसवायचं, बरणीच्या आट्यांसारखं, आणि वर धरायला कमानीसारखी मूठ. बाहेरच्या चित्रलिपीत माया लिपीचे अभ्यासक डेव्हिड स्टुअर्ट यांनी 'ककाव', म्हणजे कोको, हा शब्द वाचला. आत तळाला वाळलेला साका होता. तो हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासला, तर त्यात थिओब्रोमिन आणि कॅफिन ही कोकोत असणारी द्रव्यं निघाली. भांड्यावर जे लिहिलंय तेच भांड्यात होतं. माया भांड्यांच्या काठावरची लिपी भांड्याचं नाव, त्यातलं पेय आणि मालकाचं नाव सांगते, हे वाचन नुसता तर्क राहिलं नाही, त्याला आतला साका साक्षी मिळाला.

आता लिलावातलं भांडं आठवा. लिलावाला येणाऱ्या भांड्याचं तोंड मी पहिल्यांदा आतून बघते. स्वच्छ घासलेलं असतं. काही वेळा ब्रशचे ओरखडे दिसतात. साका गेला, शेजारची हाडं गेली, ज्या माणसाचं नाव काठावर आहे तो माणूस गेला. हे सगळं चार-सहा हजार डॉलरच्या चकचकीत फोटोसाठी फेकून दिलेलं असतं.

खणणाऱ्यांबद्दल मात्र मला राग येत नाही. बेलीझ आणि पेतेनकडे त्यांना 'उएचेरो' म्हणतात. युकातानच्या माया भाषेत उएच म्हणजे खवल्यांच्या कवचाचा, बिळं उकरणारा आर्माडिलो. बरेचसे गरीब शेतमजूर, चिकल म्हणजे च्युइंगमचा चीक गोळा करणारे, काही स्वतःच मायांचे वंशज. भांड्याच्या लिलावातल्या किमतीतला अगदी छोटा वाटा त्यांना मिळतो. पण धंदा वर जातो तसा तो क्रूरही होतो. १९७१ मध्ये ला नाया या ठिकाणी ग्रॅहम यांच्या चमूवर चोरांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांचा वाटाड्या पेद्रो सिएरा मारला गेला. आपण हातोडा पडेपर्यंत बोली लावतो तेव्हा ही साखळी दुसऱ्या टोकाला असते.

'पण हे तर पन्नास वर्षांपूर्वीच निघालंय, आता माझ्या न घेण्याने काय फरक पडणार?' असं तुम्ही विचाराल. फरक पडतो तो मागणीमुळे. २०१३ मध्ये सदबीज या लिलावगृहाने पॅरिसमध्ये बार्बिए-म्यूलर हा प्रसिद्ध संग्रह विकायला काढला. मेक्सिको, ग्वाटेमाला, पेरू वगैरे देशांनी आधीच जाहीर हरकत घेतली. तीनशेच्या आसपास वस्तूंपैकी निम्म्याच्या आसपास वस्तू विकल्याच गेल्या नाहीत. खरेदीदार बिचकले. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्याच मियाँ लिलावगृहाने ग्वाटेमालातल्या पिएद्रास नेग्रास या माया शहराच्या क्रमांक ९ च्या स्तंभाचा तुकडा मांडला. ग्वाटेमालाने हरकत घेतल्यावर तो लिलावातून काढला आणि बोलणी होऊन २०२१ मध्ये संग्राहकाने तो स्वतःहून ग्वाटेमालाला दिला. स्तंभाची जुनी नोंद होती, म्हणून हे शक्य झालं. तुमच्या भांड्याची पाठराखण करणारं तसं काहीच नाही, म्हणून खरेदीदाराचा नकार एवढाच काय तो अडसर.

एवढं सांगूनही तुम्हाला घ्यायचंच असेल, तर काय विचारायचं ते सांगते. लिलावगृहाला लेखी विचारा: १९७० पूर्वीचा कोणता कागद आहे? पावती, विमा यादी, आयातीचा कागद, तारीख असलेला घरातला फोटो, जुन्या प्रदर्शनाचा कॅटलॉग. यातलं काहीही चालेल, पण कागद त्या काळचा हवा, नंतर आठवून लिहिलेला नको. भांड्याला 'के' क्रमांक आहे का विचारा. जस्टिन कर या छायाचित्रकाराने माया भांडी फिरवून त्यांची सपाट, सलग छायाचित्रं काढली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. क्रमांक असेल तर निदान छायाचित्र काढलं त्या वर्षी भांडं बाहेर होतं आणि तेव्हा चित्र कसं होतं हे कळतं. ते तेव्हाच्या आणि आजच्या फोटोत ताडून पाहता येतं, नंतर किती रंगवलंय ते लगेच उघडं पडतं. कायदेशीरपणाचा पुरावा मात्र तो नाही. मग दुरुस्तीचा तपशीलवार अहवाल, अतिनील प्रकाशातले फोटो आणि परताव्याची अट मागा. मोठी लिलावगृहं अस्सलपणाची साधारण पाच वर्षांची हमी देतात. छोट्या ऑनलाइन ठिकाणी ती काही दिवसांची असते, किंवा 'जसं आहे तसं'. आणि हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराचं अधिमूल्य, म्हणजे लिलावगृहाचं कमिशन, पंचवीस टक्क्यांच्या आसपास चढतं, हे हिशेबात धरा. गुंतवणूक म्हणून बघत असाल तर ज्या वस्तूला कागद नाहीत तिला गिऱ्हाईक दरवर्षी कमीच होत चाललंय.

पुण्याचं. भारताचा १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू आहे, आणि वस्तू भारतातच घडलेली असावी अशी त्यात अट नाही. आत आणताना कस्टम्सला वस्तू काय आहे आणि कुठून आली हे खरं सांगावं लागेल, म्हणजे पुन्हा तेच कागद. आणि एकदा भारतात आणली की खासगी माणसाला ती परत बाहेर नेता येत नाही. उद्या मुलं अमेरिकेतच राहिली आणि त्यांना ती हवी झाली, तर मार्ग नाही. याबाबत आणण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला लेखी विचारणं बरं.

हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असं भांडं आधीच असेल, सासऱ्यांनी मेक्सिकोहून आणलेलं किंवा जुन्या घराबरोबर आलेलं, तर घाबरू नका आणि ते घासू-पुसू तर मुळीच नका. आहे तसं, आतल्या मातीसकट राहू द्या. घरात जे काही पत्र, फोटो, पावती असेल ते एका पाकिटात घाला. मग त्या देशाच्या वकिलातीला लिहा. वॉशिंग्टनजवळ राहणाऱ्या एका बाईंनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून चार डॉलरला एक भांडं घेतलं, नक्कल समजून. पुढे मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात तसंच भांडं पाहिल्यावर त्यांना शंका आली, त्यांनी मेक्सिकोच्या दूतावासाला कळवलं, ते खरं माया भांडं निघालं, आणि २०२४ मध्ये त्यांनी ते परत दिलं. त्यांच्यावर कसलीही कारवाई झाली नाही, उलट दूतावासाने समारंभ केला.

तुमच्याकडे लिलावापर्यंत वेळ असेल, तर बोली लावण्याआधी लिलावगृहाला एवढं एकच वाक्य लिहा: 'तुमच्याकडच्या १९७० पूर्वीच्या कागदाची प्रत आणि भांड्याच्या आतल्या बाजूचा व तळाचा फोटो पाठवा.' काय उत्तर येतं ते इथे टाका. आतला फोटो आला तर तो मोठा करून बघते आणि काय दिसतं ते सांगते.